कोकरांच्या रक्तातली नोंद

जूनच्या तोंडाला फलटणकडचा एक धनगरवाडा वरंधा घाट चढून भोरच्या शिवारात बसला होता. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही रक्तनमुने घेत फिरत होतो. "आमच्या मेंढरांत रोग न्हाय, डाक्टर," मामांनी आधीच सांगून टाकलं. दिसायलाही नव्हता. नाकं कोरडी, शेपट्या स्वच्छ.

मी मुद्दाम अदात कोकरं मागितली, सहा-सात महिन्यांची, लस न टोचलेली. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं चारेक महिन्यांत ओसरतात. त्यानंतरही सापडली, तर विषाणू येऊन गेला असंच समजायचं. मोठ्या जनावरांत लशीची प्रतिपिंडं कोणती नि रोगाची कोणती, हे एलायझाला, म्हणजे प्रतिपिंडं शोधणाऱ्या रक्ततपासणीला, कळत नाही. मामांनी कोकरू गुडघ्यांत धरून मान वर केली, मी लोकर सारून शीर दाबली. भरलेल्या नळ्या सावलीत तिरक्या ठेवल्या. रक्त गोठून पिवळसर सीरम सुटेपर्यंत त्या बर्फात घालायच्या नसतात.

अहवाल आला. बरीचशी कोकरं पॉझिटिव्ह! फोनवर मामा गप्पच झाले. मागून आक्कांचा आवाज आला, "म्हाडाकडं शेरडांची नाकं गळत हुती, हगवण बी लागली. दोन मेली. मेंढरांना काय झालं न्हाय."

शेळ्यांना हा रोग जबर होतो, मेंढ्या पुष्कळदा हलक्यावर निभावतात. म्हणून नुसतं विचारून 'किती कळपांत आहे' ते कळत नाही. उलट, एक जनावर पॉझिटिव्ह निघालं तरी अख्खा कळप बाधित धरतात, त्यामुळे कळपांची टक्केवारी जनावरांच्या टक्केवारीहून मोठी दिसते आणि वाचणारा उगाच हादरतो. फॉर्मवर गावाचा रकाना एकच. फलटण लिहू, महाड की भोर? मी तिन्ही लिहिली.

गुरांची बुळकांडी 2011 साली जगातून गेली. तिचाच भाऊबंद असलेला पीपीआर 2030 पर्यंत घालवायचं ठरलंय. लस चांगली आहे, एका टोचणीत तीन वर्षं तरी निभतं. पण लसवाले गावात येतात तेव्हा वाडा कोकणात असतो. यंदा दिवाळीआधी, खाली उतरण्यापूर्वीच टोचायचं ठरवलं.

"गाभण असली तरी चालतंय?" मामांनी विचारलं. म्हटलं, चालतंय.

"मग शेरडांस्नीच टोचा की. मेंढरांस्नी कशाला?"

मी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.