बायपासनंतर नुसतं 'हिंमत धरा' म्हणून भागत नाही

बायपासच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरेच पेशंट भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. रिपोर्ट चांगले असतात, तरी "राहू द्या सिस्टर, उद्या बघू." घरच्यांना तो आळस वाटतो. तो आळस नसतो. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं. खोकलो तर उकलेल ही भीती, त्यात झोप नाही, तोंडाला चव नाही.

म्हणून आधी दुखणं बघावं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी लिहिलेली दुखण्याची गोळी पोटात गेलेली हवी. ती उशिरा दिली तर पहिलाच प्रयत्न फसतो आणि दुसऱ्यांदा पेशंट उठायलाच तयार होत नाही. आमच्या खानदेशात विचारायचं ते इथल्या बोलीतून, अहिराणीतून: "बाबा, कितलं दुखस?" पुस्तकी मराठीत विचारलं की म्हातारी माणसं "बरं आहे" म्हणून गप्प बसतात.

खोकताना दोन्ही हातांनी उशी छातीशी घट्ट दाबायला लावा. एकदा तसं खोकून पाहिलं की काही उकलत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. स्पायरोमीटर म्हणजे फुप्फुसांच्या व्यायामाचं, आत गोळे असलेलं छोटं उपकरण. त्यात बहुतेक जण फुंकतात, गोळा वर येत नाही आणि हिरमुसतात. श्वास हळू आत ओढायचा, तीन ते पाच सेकंद धरायचा. जागेपणी तासाला दहा वेळा.

मग विचारा, घरी जाऊन काय करायचंय? यावलच्या केळीवाल्याला "दहा मिनिटं चाला" म्हटलं तर तो ऐकून सोडून देतो. "हा दरवाजा म्हणजे तुमचा बांध, आज तिथपर्यंत" म्हटलं की पाय खाली येतात. घरी गेल्यावर पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, दर एक-दोन दिवसांनी थोडं वाढवत. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. मिनिटं वहीत त्यानेच लिहावीत. घासही त्याचा त्यानेच घ्यावा. भरवणाऱ्या हातांनी माणूस आणखी आजारी होतो, हे नातेवाइकांना समजावणं आमचंच काम.

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दोन-तीन किलोंपेक्षा जड उचलायचं नाही, मोटरसायकल नाही. "बघू पुढे" म्हणण्यापेक्षा तपासणीची तारीख सांगा, माणूस दिवस मोजायला लागतो.

ताप, जखमेतून पू, छातीत कटकट आवाज, किंवा दिवसात किलोभर वजन वाढलं तर लगेच दवाखाना. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावर उपचार आहेत, आणि उदास माणूस रक्त पातळ ठेवणारी गोळीही विसरतो.