गेटनेटएंट अजून का शिकवता?

सोलापुरात सी आणि लिनक्स शिकवताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, हे गेटनेटएंट, गेटनेटबायनेम आता वापरतंय कोण?" ही सी मधली नेटवर्कच्या नावांच्या नोंदी शोधणारी फंक्शन्स. तुम्हीही विचारलंत म्हणून आधी सरळ उत्तर देतो. नव्या प्रोग्राममध्ये जवळपास कोणीच नाही. अल्पाइन लिनक्समध्ये मसल नावाची सी लायब्ररी असते, तिच्यात तर ही फंक्शन्स नावालाच आहेत. काहीही विचारा, हातात नल, म्हणजे रिकामं उत्तर.

तरी शिकवतो.

होस्ट्स फाइलमध्ये जशी मशीनची नावं असतात, तशी ईटीसी डिरेक्टरीतल्या नेटवर्क्स फाइलमध्ये अख्ख्या नेटवर्कची. एका ओळीत नाव, आकडा, हवी तर टोपणनावं. गेटनेटएंट दर हाकेला पुढची नोंद देतं आणि फाइल संपली की नल. सेटनेटएंट पुन्हा पहिल्या ओळीवर नेतं, एंडनेटएंट फाइल बंद करतं. नावावरून शोधायला गेटनेटबायनेम, आकड्यावरून शोधायला गेटनेटबायअ‍ॅडर. हे सगळं १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासूनचं. तेव्हा नेटवर्क म्हणजे ठरावीक आकाराचे ए, बी नाहीतर सी क्लास, त्यामुळे फाइलमध्ये मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) लिहायला जागाच नाही. १९९३ मध्ये सीआयडीआर, म्हणजे क्लास सोडून हव्या त्या आकाराचं नेटवर्क घेण्याची पद्धत, आलं आणि /२२ सारखी नेटवर्कं सर्रास झाली, ती इथे मांडताच येत नाहीत. आयपीव्ही६ च्या लांबलचक पत्त्यांचं तर नावच काढू नका. पाकिटांचे मार्ग दाखवणाऱ्या राउट कमांडच्या यादीत कधी 'लिंक-लोकल' असं नाव दिसलं असेल, तर ते बहुधा याच फाइलमधून आलेलं.

तरी शिकवतो, कारण मला हवा असतो तो पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. क्लासमध्ये आम्ही फाइलमध्ये दोन ओळी घालतो: नवीपेठ १९२.१६८.१.० आणि सातरस्ता १९२.१६८.२.०. मग पोरं गेटनेटबायनेम दोनदा बोलावतात, दोन पॉइंटर दोन व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि शेवटी दोन्ही नावं छापतात. स्क्रीनवर येतं: सातरस्ता, सातरस्ता. नवी पेठ गायब! कारण लायब्ररीकडे नेटएंटचं (एका नोंदीची माहिती ठेवायच्या साच्याचं) एकच स्टॅटिक, म्हणजे कायम तेच राहणारं, स्ट्रक्चर असतं आणि दर वेळी त्याचाच पत्ता मिळतो. दुसऱ्या हाकेने पहिलं उत्तर पुसलं.

हुशार पोरगं लगेच म्हणतं, "मग स्ट्रक्चर कॉपी करतो की!" कर. नेटवर्कचा आकडा शाबूत राहतो, पण नाव पुन्हा सातरस्ताच. स्ट्रक्चरमधलं नाव हासुद्धा पॉइंटरच, आणि तो लायब्ररीच्याच बफरकडे (तात्पुरत्या साठ्याच्या जागेकडे) बोट दाखवतोय. नावाची वेगळी प्रत काढावी लागते, टोपणनावांची यादी हवी असेल तर तिच्यातल्या एकेका नावाचीही. मेमरी कोणाच्या मालकीची हे मी फळ्यावर कितीही बडबडलो तरी इतकं डोक्यात शिरत नाही.

दुसरी गंमत बाइटच्या क्रमाची. मशीनच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटहोस्टबायनेमकडून पत्ता नेटवर्क ऑर्डरमध्ये (मोठा बाइट आधी) येतो, पण इथे एन_नेट, म्हणजे नेटवर्कचा आकडा, येतो होस्ट ऑर्डरमध्ये (मशीनच्या स्वतःच्या क्रमाने). लूपबॅकचा (मशीनच्या स्वतःशी बोलण्याच्या नेटवर्कचा) आकडा तसाच, पत्ता ठिपक्यांच्या रूपात छापायला देणाऱ्या आयनेट_एनटोआला दिला, तर आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर १२७.०.०.० च्या जागी ०.०.०.१२७ छापून येतं. मध्ये एचटूएनएल हे क्रम बदलणारं फंक्शन लावलं की सरळ. हा विसंगतपणा ज्याने केला त्याला मी मनातल्या मनात दरवर्षी शिव्या घालतो. शिकवायला मात्र झकास.

थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) वापरणार असाल तर जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये याच फंक्शन्सच्या मागे _आर लावलेल्या आवृत्त्या आहेत. त्यांना बफर आपणच द्यायचा. तो लहान पडला तर ईरेंज ही चूक मिळते, मग मोठा घेऊन पुन्हा विचारायचं. आणि करून बघायचंच असेल, तर आधी कोड लिहू नका. टर्मिनलवर 'गेटएंट नेटवर्क्स' टाका. फाइलमध्ये ओळी असून काही आलं नाही, तर नावं कुठून शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विच डॉट कॉन्फ फाइलमधल्या नेटवर्क्सच्या ओळीत 'फाइल्स' आहे का ते बघा.