तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीच्या पैशासाठी ही मुलं का?

“बालवाडीसाठी निधी मागायला तुम्ही सोळा-सतरा वर्षांची मुलं का नेता? हे काम मोठ्यांचं नाही का?” अंदाजपत्रकाचे दिवस आले की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच.

सुरुवातीला मी पालकांनाच गोळा करत होते. ते मनापासून यायचे. पण बालवाडीचं वय तीन ते सहा. निवेदन कुणाला द्यायचं, फाईल कुठल्या टेबलावर अडते, हे आईवडिलांना उमगेपर्यंत मूल पहिलीत गेलेलं असतं. मग त्यांची काळजीही त्याच्यामागून पुढच्या वर्गात जाते, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तीन वर्षांच्या मुलाला मत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारेही टिकत नाहीत. म्हणून कात्री लावायची वेळ आली की आधी हीच तरतूद सापडते.

एकदा एका आईसोबत तिची मोठी मुलगी आली, धाकट्याला कडेवर घेऊन. आम्ही आकड्यांवर बोलत होतो. ती मध्येच म्हणाली, “बालवाडी बंद असली की माझी शाळा बुडते.” इतकी वर्षं मी या कामात, पण हे मला दिसलं नव्हतं. धाकट्याची बालवाडी नसली की घरात राहते ती थोरली बहीण.

पुढच्या सभेत बोलायला मी तिलाच उभं केलं, आणि भाषण मात्र मी लिहून दिलं. ती चूक होती. सगळ्यांनी “छान बोललीस” म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. कौतुकानेही माणसाला गप्प करता येतं. त्यानंतर मी भाषणं लिहिणं सोडलं आणि मुलांना अंदाजपत्रक वाचायला शिकवलं: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवले की मागायला नवा पैसाच लागतो असं नाही. कधी मंजूर झालेलाच खर्च झालेला नसतो.

“पहिली-दुसरीत सगळी मुलं सारखीच होतात, मग बालवाडी कशाला?” असंही ऐकावं लागतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या पेरी बालवाडीचा अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. 1962 ते 1967 या काळात गरीब घरांतल्या 123 मुलांपैकी 58 जणांना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांतच विरली. तिथेच मोजणं थांबलं असतं तर प्रयोग फसला असंच म्हटलं गेलं असतं. पण वयाच्या चाळिशीपर्यंत माग ठेवला, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलेलं होतं, त्यांची कमाई जास्त होती आणि अटका कमी. मात्र तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलांच्या घरी जायची. म्हणून आम्ही नुसत्या खोल्या मागत नाही, शिक्षिकांचा पगार आधी मागतो.

चाळीस वर्षांनी दिसणारं फळ एका वर्षाच्या अंदाजपत्रकात कुठे दिसणार? आज सभेत बसलेल्या मोठ्यांपैकी किती जण तेव्हा हिशेब विचारायला असतील? ही मुलं असतील. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं बारावं कलम त्यांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते ऐकलं जाण्याचा हक्क देतं, त्यामुळे त्यांना आणण्यासाठी मला कुणाची मेहेरबानी लागत नाही. 2022 मध्ये ताश्कंदला झालेल्या युनेस्कोच्या बालशिक्षण परिषदेच्या जाहीरनाम्यात देशांनी शिक्षणखर्चाचा किमान 10 टक्के भाग पूर्वप्राथमिकवर खर्च करायचं मान्य केलं, हेही आता ती मुलंच सांगतात.

मागच्या बैठकीत त्या थोरल्या बहिणीने विचारलं, “मंजूर झालेल्यापैकी खर्च किती झाला?” आकडा कुणाजवळ नव्हता. लेखी कळवू म्हणाले. तिने तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला लावला आणि तारीख आपल्या वहीत लिहून घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच असेल, आणि या वेळी तिच्यासोबत आणखी चौघं रकाने वाचून येणार आहेत.