डेशूट्सची साल्मनफ्लाय: आधी पोट बघा, मग रंग

मेच्या शेवटी ओरेगॉनमधल्या मॉपिनला जाऊन आलो. पोर्टलंडहून माउंट हूडच्या बाजूने साधारण दोन तासांचा रस्ता. डोंगर ओलांडला की दाट जंगल संपतं आणि डेशूट्स नदीचे बेसॉल्टचे कडे सुरू होतात. सह्याद्री पाहिलेल्याला हा दगड परका वाटत नाही. जायचं कारण मात्र एक किडा होता: टेरोनार्सिस कॅलिफोर्निका. ट्राउट मासे धरणारे त्याला साल्मनफ्लाय म्हणतात. हा स्टोनफ्लाय नावाच्या पाणकिड्यांच्या गटातला.

तीनेक वर्षं पाण्याखाली कुजकी पानं खाऊन वाढलेली निम्फं, म्हणजे त्याची पिल्लं, याच दिवसांत काठावर चढतात. पाण्याचं तापमान १० ते १३ अंशांवर गेलं की हे सुरू होतं. बरीचशी निम्फं रात्री चढतात, म्हणून सकाळी दगडांवर आणि गवतावर रिकाम्या काती चिकटलेल्या दिसतात. ओळख पटवायला मला उडत्या किड्यापेक्षा ही कात जास्त आवडते. ती पळत नाही, आणि उलटी करून निवांत बघता येते.

स्टोनफ्लायला दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या निम्फाला एकच नखी, त्यामुळे तिथली गल्लत लगेच मिटते. पुढचं काम कल्ल्यांचं. साल्मनफ्लायच्या छातीखाली आणि पोटाच्या पहिल्या दोन खंडांवर झुपकेदार कल्ले असतात. कातीवर ते वाळलेले दिसतात. तिसऱ्या खंडावरही असतील तर ती टेरोनार्सेला, साल्मनफ्लायची नातलग, आकाराने बरीच लहान. कल्ले छातीशी आहेत पण पोटाच्या त्या खंडांवर नाहीत आणि पाठीवर पिवळी-तपकिरी नक्षी आहे, तर ती गोल्डन स्टोन नावाची दुसरी स्टोनफ्लाय. ती शिकारी, शिवाय वेगळ्या कुळातली. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांमधली निओपेर्ला त्याच कुळातली.

लोक प्रौढाचा नारिंगी रंग बघून थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण रंग फिका-गडद होतो. इथे प्रदेश मदतीला येतो. पोटाच्या कडांना काटे असलेल्या टेरोनार्सिस जाती पूर्वेकडच्या, त्या इथे बाद. उरते टेरोनार्सिसचीच दुसरी जात, प्रिन्सेप्स. ती ओरेगॉनमध्येही आहे, पण सहसा डोंगरातल्या लहान, थंड ओढ्यांत, आणि तिचा प्रौढ काळपट असतो. शंका राहिलीच तर नराच्या पोटाच्या टोकाचा वरून जवळचा फोटो घ्या. जातीचा निकाल तिथेच लागतो.

दहापट भिंग आणि पांढरी ताटली एवढं पुरतं. प्रौढ दिवसा अल्डरच्या फांद्यांवर आणि काठच्या गवतात बसलेले असतात, उडतात ते जड, सहज हाती येतात. गवतात हात घालण्याआधी काठीने आपटा, रॅटलस्नेक असतात. अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन ओक झुडपाची तीन-तीन पानं ओळखून ठेवा आणि घरी आल्यावर गोचिड्या तपासा. गावाखाली नदीकाठाने मॅक्स कॅन्यनकडे जाणारा रस्ता पुढे खडीचा आहे, पण थांबायला जागा भरपूर. नदीच्या बऱ्याच वरच्या अंगाला, पश्चिम काठावर वॉर्म स्प्रिंग्ज आदिवासींची जमीन लागते. परवान्याशिवाय तिथे उतरू नका.

किडे निघायची लाट नदीच्या खालच्या भागातून वरच्या भागाकडे सरकते. मॉपिनला नुसत्या जुन्या, ठिसूळ काती मिळाल्या तर निराश न होता गाडी वरच्या अंगाला, ट्राउट क्रीककडे वळवा.