समाज किती धोकादायक वाटतो, हे मोजताना

पदव्युत्तर प्रबंधाचा विषय मांडला तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "लोकांना भीती वाटते का हे मोजणार आहेस, की समाज वाईट चाललाय असं ते मानतात का, हे?" मला तोवर दोन्ही एकच वाटत होतं. पुढचं बहुतेक काम या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्यातच गेलं.

आधी तयार मापनी, म्हणजे एखादी समजूत गुणांत मोजणारे विधानांचे संच, शोधल्या. मानसशास्त्रज्ञ बॉब आल्टमायर यांची 1988 मधली 'धोकादायक जगा'ची मापनी या विषयात जवळपास सगळेच वापरतात. समाजाची घडी विसकटत चालली आहे, सज्जन माणसांना धोका वाढतोय अशा आशयाची विधानं आणि त्यांच्या उलट अर्थाचीही, सहमतीच्या पायऱ्यांवर उत्तर द्यायची. मानसशास्त्रज्ञ जॉन डकिट यांनी 2001 मध्ये एक महत्त्वाचा फरक दाखवला: 'समाज धोकादायक आहे' ही समजूत वेगळी आणि 'समाज म्हणजे गळेकापू स्पर्धा' ही वेगळी. पहिली माणसाला कडक शिस्त आणि करारी सत्तेकडे ओढते, दुसरी इतरांवर वर्चस्व गाजवण्याकडे. जग कसं आहे याबद्दलच्या मूलभूत समजुती मोजणारी, मानसशास्त्रज्ञ जेर क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांची 2019 मधली 99 विधानांची प्रश्नावलीही चाळली. तिच्यात जग सुरक्षित आहे की धोक्याचं, हा तीन मुख्य पैलूंपैकी एक आहे. पण 99 विधानं अनोळखी माणसाकडून भरून घ्यायची म्हणजे त्याच्या सहनशक्तीचीच चाचणी. मी छोटी मापनी करायचं ठरवलं.

विधानं लिहून झाल्यावर मॅडमनी ती थेट वाटू दिली नाहीत. आधी मोजक्या लोकांसमोर बसून, उत्तर देताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायला सांगायचं, अशी पद्धत असते. सगळ्या प्रबंधात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या बैठकांनी. एका आजोबांनी 'समाजात हिंसा वाढली आहे' याला पूर्ण सहमती दिली आणि वर म्हणाले, "पण मला कशाची भीती? मी तर दार उघडं टाकून झोपतो." एका मुलीचं नेमकं उलट. माणसं मुळात चांगली असतात यावर तिचा ठाम विश्वास, पण रात्री एकटी बाहेर पडायची नाही.

रात्री एकट्यानं चालण्याचा प्रश्न जगभरच्या गुन्हेविषयक सर्वेक्षणांत असतो, म्हणून मीही घेतला होता. त्याचं उत्तर बाई-पुरुष, वय, रस्त्यावरचे दिवे यांवर इतकं ठरत होतं की समाजाबद्दलची समजूत त्यातून वेगळी काढणं अवघड. तो मापनीतून काढला आणि वैयक्तिक भीतीच्या वेगळ्या गटात टाकला.

दुसरी अडचण होकाराची. काही जण जे समोर येईल त्याला 'सहमत' म्हणत जातात. 'बहुतेक अनोळखी माणसं मदतच करतात' आणि 'अनोळखी माणसापासून सावधच राहावं' या दोन्हींना एकाच कागदावर होकार! (दोन्ही एकाच वेळी खरं मानता येतं म्हणा, मीही मानते.) म्हणून निम्मी विधानं सुरक्षिततेच्या बाजूची ठेवली आणि त्यांचे गुण उलटे धरले: पाच पायऱ्यांच्या मापनीत 5 चा 1, 4 चा 2. असं केलं की नुसतं मान डोलावणाऱ्याची बेरीज मधोमध येते, तो विनाकारण घाबरट ठरत नाही.

मधल्या पायरीनंही छळलं. 3 वर खूण करणाऱ्यांतले काही खरोखर मध्यममार्गी होते, काहींना 'सांगता येत नाही' म्हणायचं होतं. त्यासाठी वेगळा रकाना दिला.

बाकी आकडेमोड नेहमीची: क्रॉनबाखचा अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा), घटक विश्लेषण (कोणती विधानं एका गटात पडतात ते पाहणं), आणि उत्तरं टिकतात का हे पाहायला काही जणांकडून पुन्हा भरून घेणं. पुन्हा भरून घेताना मध्येच एखादी हिंसक घटना बातम्यांत गाजली तर उत्तरं सरकू शकतात, म्हणून प्रत्येक अर्जावर तारीख लिहून ठेवली.

शेवटी समजूत आणि भीती यांचा संबंध तपासला. होता, पण एकीवरून दुसरी सांगता येईल इतका घट्ट नव्हता. प्रबंधात दोन्हींचे गुण वेगवेगळ्या तक्त्यांत दिले. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी दोन्हींची मिळून एकच बेरीज का नाही, असं विचारलं, तेव्हा मी आजोबांचं उघडं दार सांगितलं.