तीन भोकं, तीन रंग

भाचा केबल हातात धरून पाच मिनिटं टीव्हीच्या मागे वाकलेला. "मामा, हे खुपसायचं कुठे?"

मागे पिन लावायची भोकं तीनच. पिवळं, पांढरं, लाल. अण्णांचा तो जुना डबा टीव्ही, आणि गेम खेळायचा कन्सोल नवाकोरा, फक्त एचडीएमआयवाला, म्हणजे चित्र-आवाज एकाच चपट्या केबलने देणारा.

अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "टीव्ही चालतोय की! मग बिघडलंय काय?"

मला उत्तर सुचेना.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एचडीएमआयचं या तीन भोकांशी जुळवून देणारी कन्व्हर्टरची डबी आणली. चित्र आलं, पण अक्षरं म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. स्कोअर किती झाला तेच वाचता येईना. म्हणजे भांडण फक्त भोकाचं नाही, हे कबूल. हल्लीचे गेम मोठा, स्वच्छ पडदा धरूनच बनवतात.

तरी २००६ सालचा प्लेस्टेशन ३ हा कन्सोल आठवला. त्याच्या खोक्यात हीच तीनरंगी केबल यायची, एचडीएमआयची वेगळी विकत घ्यावी लागे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ला ती सोयच उरली नाही. सात वर्षांत!

शेवटी कन्सोल परत खोक्यात गेला. अण्णांनी सेट-टॉप बॉक्सची पिन जागेवर लावली, मॅच सुरू केली. चित्र झकास.

बोलले काहीच नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त.