झेंडा आठला चढतो, पुढचा तास कोणत्या भाषेत?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले. बाकांच्या, डब्यांच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी माझे वर्गमित्र रसाळपणे लिहितीलच. थायलंडमधल्या शाळा आणि तिथले शिक्षक हे माझे रोजचे काम, म्हणून मी त्या शाळांविषयी लिहितो. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे यावर आपल्याकडे घरोघरी वाद होतात. तो वाद घालणाऱ्या पालकांना आणि आज शाळेत शिकवणाऱ्या गुरुजनांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

थायलंडमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला राष्ट्रगीत लागते, शाळेत तसेच रेल्वे स्टेशनवर आणि बागेतही. चालणारी माणसे जागच्या जागी उभी राहतात. शाळेच्या मैदानावर दोन मुले झेंड्याची दोरी ओढत असतात. गीत जेमतेम मिनिटभराचे, आणि शेवटच्या सुराला झेंडा टोकाला पोहोचला पाहिजे. दोरी घाईने ओढली तर गीत संपायच्या आधीच झेंडा वर जाऊन बसतो, हात आखडता घेतला तर अर्ध्या काठीवर राहतो. म्हणून नव्या जोडीला गीताच्या कोणत्या ओळीला झेंडा कुठे हवा, हे खुणा धरून शिकवतात. झेंड्याला पाच आडवे पट्टे: तांबडा, पांढरा, निळा, पांढरा, तांबडा, मधला निळा इतरांच्या दुप्पट रुंद. राजा वजिरावुध यांनी १९१७ साली तो स्वीकारला. तांबडा राष्ट्राचा, पांढरा धर्माचा, निळा राजाचा. २००८ च्या मूलभूत अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या अंगी बाणवायचे आठ गुण दिले आहेत, त्यांतला पहिला याच तिघांवरचे प्रेम हा आहे. ‘थाईपणाची आवड’ हा गुण त्याच यादीत वेगळा दिलेला आहे.

हे थाईपण मुख्यतः शाळेने घडवले. त्याआधी मुलगे बौद्ध विहारात, म्हणजे ‘वात’मध्ये, भिक्खूंकडे लिहायला-वाचायला शिकत आणि मुली घरीच राहत. १९२१ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. १९३९ साली ‘सयाम’चे ‘थायलंड’ झाले आणि पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय आचारसंहितेचे फतवे काढायला सुरुवात केली. उत्तरेचे, दक्षिणेचे, मुसलमान असे भेद न करता सगळ्यांना फक्त ‘थाई’ म्हणावे, असा त्यांतला एक होता. वर्गात बँकॉककडची मध्य-थाई भाषा आली. ईशान्येच्या इसान भागात घरी लाओ बोलतात, दक्षिणेच्या टोकाला मलय, डोंगरात करेन आणि ह्मोंग; देशात सत्तरच्या आसपास भाषा आहेत. शाळेच्या दारात त्या सगळ्या चपलांबरोबर बाहेर राहिल्या.

तरीही हातांनी करायच्या गोष्टींमधून जे मुलांपर्यंत पोहोचले, ते पक्के पोहोचले असे माझे मत आहे. त्याचा उत्तम नमुना म्हणजे ‘वाई ख्रू’, गुरुवंदनेचा सोहळा. पहिले सत्र १६ मेला उघडते आणि पुढच्या काही आठवड्यांतला एखादा गुरुवार यासाठी ठरतो. गुरुवार तिकडेही गुरूचाच. प्रत्येक वर्ग दोन ‘फान’ सजवतो. फान म्हणजे उंच पायाचे तबक. एकात उदबत्ती-मेणबत्ती, दुसऱ्यात फुले. परंपरेने त्यात चार वस्तू हव्यात: इक्झोराचे फूल, हरळी, वांग्याचे फूल आणि भाताच्या लाह्या. इक्झोराची कळी सुईसारखी अणकुचीदार, म्हणून ती कुशाग्र बुद्धीची. हरळी तुडवली तरी पसरते, ती चिकाटीची. वांग्याचे फूल उमलताना खाली मान घालते, ते नम्रतेचे. लाह्या झाकलेल्या भांड्यात राहूनच फुलतात, त्या शिस्तीच्या. आपल्या पूजेच्या ताटाशी ज्याचा संबंध आहे त्याला यातल्या निम्म्या वस्तूंची वेगळी ओळख करून द्यायला नको.

फान सजवणे हे दोन दिवसांचे काम. केळीची पाने रानकेळीची घेतात, कारण ती जाड असतात आणि चटकन फाटत नाहीत. ताजे तोडलेले पान दुमडताना तडकते, म्हणून ते एक दिवस आधी कापून मऊ पडू देतात. मग ओल्या फडक्याने शिरेच्या दिशेने पुसायचे, पट्ट्या काढायच्या, निमुळत्या सुरळ्या वळायच्या आणि त्या पाण्यात ठेवायच्या. तबकावर चिकणमातीचा कमळाच्या कळीसारखा उंच गोळा बसवतात आणि त्यावर बटनासारखी गोल जांभळी फुले खालच्या कडेपासून वर, एकाला एक चिकटून, टाचणीने किंवा काडीने खोचत जातात. ही फुले वाळली तरी रंग सोडत नाहीत, म्हणून मेच्या उकाड्यात तीच निवडतात. माती फार ओली झाली तर फुलांच्या वजनाने गोळा एका बाजूला बसतो. कोरडी पडली तर टाचणी टोचताच भेगा जातात. शेंडा जड झाला की गुडघ्यांवर चालत तबक नेणाऱ्या मुलीच्या हातातून तो हमखास कलंडतो. हे सगळे मुलांना तोंडी सांगून कळत नाही, माती हातात घेतल्यावर कळते.

सोहळ्यात आधी बुद्धवंदना, मग एक विद्यार्थी पाली भाषेतली गुरुवंदना म्हणतो आणि बाकीचे त्यामागून. त्यानंतर प्रत्येक वर्गाचे प्रतिनिधी शिक्षकांपुढे तबक ठेवून डोके टेकवतात. काही शाळांत मुख्याध्यापक पांढऱ्या मातीच्या गंधाने पुस्तकांवर खूण करतात, त्यांच्याकडचे पाटीपूजनच ते.

बिघडते ते इथे. बाजारात फोम आणि प्लास्टिकची तयार तबके मिळतात. वर्गावर्गांत चढाओढ लागली की पालक ती विकत आणतात आणि मुलांच्या वाट्याला फक्त उचलून नेणे उरते. वांग्याचे फूल का, हे विचारले तर उत्तर येत नाही. दुसरे म्हणजे डोके टेकवण्याचा वाद. आजचे विद्यार्थी आठवण करून देतात की राजा चुलालोंगकोर्न यांनी १८७३ साली दरबारातले लोटांगण बंद केले होते. मग ते शाळेत कशाला? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. इतिहास वाचलेल्या मुलांचा आहे आणि त्याला वर्गात उत्तर मिळाले पाहिजे. काही शाळांनी उभ्याने नमस्कार, म्हणजे ‘वाई’, पुरेसा मानला. त्याने सोहळ्याचे काहीही अडले नाही.

केस आणि गणवेशाच्या बाबतीत मात्र शाळा अडून बसल्या. मुलग्यांचे केस बारीक आणि मुलींचे कानापर्यंत, ही रीत १९७० च्या दशकातल्या लष्करी राजवटीच्या नियमांनी घट्ट केली. २०२० साली मुलांनी शिक्षण मंत्रालयासमोर निदर्शने केली, झेंडावंदनाच्या वेळी निषेधाची तीन बोटे वर केली, दप्तराला पांढऱ्या फिती बांधल्या. नियम सैल झाले, पुढे केसांचा निर्णय शाळांवर सोपवला गेला. स्काउटचा गणवेश हा आणखी एक विषय. थायलंडमध्ये स्काउट १९११ पासून आहे आणि शाळेच्या वेळापत्रकात तो असतोच. आठवड्यातून एकदा घालायच्या कपड्यांसाठी शर्ट, पट्टा, टोपी, रुमाल, रुमालाची कडी, बिल्ले हे सगळे घ्यायचे, आणि मूल वर्षात वाढते. मोफत शिक्षणाच्या योजनेतून गणवेशाला पैसे मिळतात, पण त्यात स्काउटचा पूर्ण संच बसत नाही. गरीब घरी याच खर्चावरून कुरबूर होते, आणि ती रास्त आहे.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. थाई लिपी आपल्या बाराखडीची नात्यातली. क, ख असाच वर्णक्रम. पण ४४ व्यंजनांचे तीन गट आहेत: मध्यम ९, उच्च ११ आणि नीच २४. उच्चाराचा सूर पाच प्रकारे उंचावतो-उतरतो आणि सुराबरोबर अर्थ बदलतो, खुणा मात्र चारच. पहिली खूण मध्यम गटातल्या अक्षरावर असली तर सूर खालचा राहतो, तीच नीच गटातल्या अक्षरावर असली तर वरून खाली पडतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. संस्कृतातून आलेल्या शब्दांत न उच्चारायची अक्षरे लिहावीच लागतात. घरी मध्य-थाई बोलणारे मूल हे सूर आईकडून घेऊन येते, शाळेने फक्त खुणा दाखवायच्या. दक्षिण टोकाच्या पट्टानी, याला आणि नराथिवात या प्रांतांमधले मूल घरी पट्टानी मलय बोलते आणि त्या भाषेत असे सूरच नाहीत. त्याच्या लेखी अक्षरावरची खूण म्हणजे नक्षी. ते फळ्यावरचे सुबक उतरवून घेते, पाठही करते आणि चौथीत गेले तरी वाचलेले समजत नाही. शिक्षक त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतात.

महिडोल विद्यापीठाच्या भाषातज्ज्ञ सुविलाई प्रेमसिरत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावर काम सुरू केले. पट्टानी, याला, नराथिवात आणि सातून या चार प्रांतांत एकेक शाळा घेतली. रीत अशी: बालवर्गात सगळे मलयमध्ये. भिंतीवर गावाचे मोठे चित्र लावायचे, त्यात बाजार, मशीद, मासेमारीची नाव, भातशेत. मुले त्यावर बोलतात आणि शिक्षिका त्यांचीच वाक्ये फळ्यावर लिहिते. दोन धारा शेजारी-शेजारी चालतात. एका धारेत गोष्ट, मोठ्या अक्षरांचे पुस्तक, मनाने लिहिणे. इथे चुका खुडत बसायचे नाही. दुसऱ्या धारेत अक्षर, अक्षराचा आवाज, जोडणी. इथे अचूकपणाच हवा. दोन्ही एकत्र केल्या की मूल लिहायला घाबरते, आणि एक सोडली तर ते नुसते अक्षरे ओळखते. थाई आधी फक्त कानावर पडते. शिक्षिका ‘उठ’, ‘दार उघड’, ‘पुस्तक पाठीमागे ठेव’ असे म्हणते आणि मुले करून दाखवतात. बोलण्याची सक्ती नाही. पहिलीच्या सुमारास थाई वाचन येते आणि मग हळूहळू त्याचा वाटा वाढत जातो.

मलय कोणत्या लिपीत लिहायची, यावर बराच खल झाला. शेवटी थाई लिपी घेतली, कारण आपल्या भाषेत शिकलेले प्रत्येक अक्षर मुलाला थाई वाचताना पुन्हा कामी येते. मात्र पट्टानी मलयमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे व्यंजन लांबवले की अर्थ बदलतो. ‘बुङो’ म्हणजे फूल आणि पहिला ‘ब’ दाबून लांबवला की फुलणे. हा फरक लिहिण्याची सोय आधी करावी लागली. पालकांना काळजी जावीची, म्हणजे अरबी वळणाच्या मलय लिपीची. धार्मिक शिक्षण त्या लिपीत होते. थाई लिपीतली मलय तिची जागा घेईल अशी धास्ती होती. सरकारी अधिकाऱ्यांना उलटी शंका: मलय वर्गात आली तर फुटीरपणाला बळ मिळेल. दोन्ही बाजूंच्या बैठका घेत, इमामांना आणि आजी-आजोबांना गोष्टींची पुस्तके तयार करायला बसवत हे काम पुढे गेले. या वर्गांतली मुले थाईसकट इतर विषयांतही शेजारच्या नेहमीच्या शाळांपेक्षा पुढे गेली. २०१६ साली महिडोल विद्यापीठातल्या सुविलाई यांच्या संस्थेला युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. हा प्रयोग अडतो तो एकाच जागी: मलय बोलणाऱ्या शिक्षिकेची बदली होते आणि तिच्या जागी येणाऱ्याला ती भाषा येत नाही. पुस्तके कपाटात राहतात. सरकारने बदलीच्या नियमांत या शाळांसाठी सवलत ठेवावी, एवढे एक काम केले तरी पुष्कळ आहे.

वर्ग मात्र देशभर रिकामे होत चालले आहेत. १९६३ ते १९८३ या काळात थायलंडमध्ये दरवर्षी दहा लाखांहून जास्त बाळे जन्माला येत. २०२४ साली हा आकडा पाच लाखांच्या खाली गेला. १२० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा ‘लहान शाळा’ मानल्या जातात आणि त्यांत एकेक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. त्यांच्यासाठी हुआ हिनच्या क्लाइकांगवोन शाळेतून १९९५ पासून दूरचित्रवाणीवर तास प्रसारित होतात. पडद्यावरचा शिक्षक कोणासाठी थांबत नाही. म्हणून चांगला शिक्षक आदल्या दिवशी कृतिपत्रिका छापून ठेवतो, नवे शब्द इसानी बोलीत आधी समजावतो आणि तास संपल्यावर दहा मिनिटे उजळणी घेतो. ही तयारी नसली तर मुले पडद्याकडे नुसती बघत बसतात.

रिकाम्या बाकांवर नवी मुले येऊन बसत आहेत, ती मुख्यतः म्यानमारच्या मजुरांची. समुत साखोनच्या मासळी कारखान्यांभोवतीच्या शाळांत मोन आणि बर्मी घरांतली मुले सकाळी आठला तेच राष्ट्रगीत म्हणतात. ५ जुलै २००५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार कागदपत्रे नसली तरी मुलाला शाळेत घ्यावेच लागते. ज्याच्याकडे तेरा आकडी ओळख क्रमांक नाही त्याला ‘जी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिला जातो आणि दरडोई अनुदान त्याच्यासाठीही मिळते. प्रवेशासाठी जन्माचा दाखला नसेल तर दुसरा कोणताही सरकारी कागद चालतो, आणि तोही नसेल तर पालकांची किंवा मुलाला सांभाळणाऱ्याची माहिती नोंदवून घेतात. गाडी अडते ती पुढे. दहा वर्षांचे मूल थाई येत नाही म्हणून पहिलीत बसवले जाते, लहानांत बसायला लाजते आणि सहावीच्या आत कारखान्यात जाते. आईबाप दुसऱ्या बंदरावर कामाला गेले की नव्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून नोंद होते, कारण जुना क्रमांक कोणी मागत नाही. समजूतदार शाळा अशा मुलांसाठी वेगळा पूर्वतयारीचा वर्ग ठेवतात, त्यात मोन किंवा बर्मी बोलणारी सहायिका नेमतात आणि थाई जमायला लागली की मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवतात. प्रवेशाच्या दिवशी त्या पालकांच्या हातात ‘जी’ क्रमांक लिहिलेली चिठ्ठी देतात आणि शाळा सोडताना दाखला मागून घ्या, तुमच्या मुलाला तो मिळतो, हे त्यांच्या भाषेत सांगतात.